मोह पडल्यास काय करावे?

आमच्या हेडगुरुजींइतका जागेपणी झोपलेला माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर तो नोकरीत टिकला नसेल. गुरुजी टिकले होते. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगल जिथे सडकेला दोन्हीकडून खेटतं, तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत ते ऐन तारुण्यात खामगावच्या कपाशीतून उठून आले आणि डोक्यावर एक काळा केस उरला नाही तरी तिथेच होते. मी तिथे नवी बाई म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्या चंद्रपुरातल्या बांगड्यांच्या दुकानात अब्बांनी मला बजावलं होतं, "हेडमास्तर कडक असला त सांभाळून राहजो, बेटा." पहिल्या दिवशी हा कडक हेडमास्तर मला सडकेवर भेटला. हातात सायकल धरून पायी येत होता. मी विचारलं, "पंक्चर झाली काय, गुरुजी?" त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही हो बाई. बसायचं राहूनच गेलं." घरून निघताना पळसाला फूल आलेलं दिसलं, ते बघत बघत पाय निघाले ते निघालेच.

हजेरीची तर रोज गंमत. पट समोर उघडा असे, पण गुरुजी डोळे मिटून पाठ नावं घेत, आणि ती कुठल्या सालातली घेतील याचा नेम नसे. एकदा त्यांनी असंच एक नाव पुकारलं तर वर्गातून कोणी बोललं नाही, वरून आवाज आला, "हाजर, गुरुजी." छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला चढलेला गडी होता तो, आमच्या चौथीतल्या सुमनचा बाप. गुरुजींनी डोळे न उघडताच त्याला "खाली बस" म्हटलं. तो मुकाट्याने उतरला आणि अर्धा तास पोरांमध्ये मांडी घालून बसला. छप्पर त्या दिवशी तसंच राहिलं.

गणित शिकवायला बसले की मी माझा वर्ग सोडून दारात उभी राही. पुस्तकात असे, रमेशने पंधरा आंबे विकत घेतले, त्यातले पाच सडले, किती उरले? झालं, गुरुजींचा जीव रमेशमध्ये अडकायचा. "पोरांनो, विकत काऊन घेतले असतील रे त्यानं?" पोरं विचारात पडत. कोणी म्हणे, त्याच्या गावात झाडच नसेल. मग आंब्याचं एकही झाड नसलेलं गाव कसं असेल, तिथली पोरं दुपारी कुठे बसत असतील, पाखरं काय खात असतील, यात तास सरायचा. दहा आंबे उरले हे शेवटी मलाच फळ्यावर लिहावं लागे. मी चिडायची. "गुरुजी, मार्चमध्ये चाचणी हाय. पोरं काय लिहितीन?" ते हसून म्हणायचे, "बाई, आपण काऊन घाई करून राह्यलो? लिहितील ना काहीतरी." या माणसावर रागवायचं म्हणजे तलावाच्या पाण्यावर काठी मारण्यासारखं होतं.

त्या वर्षी मात्र चाचणीचं प्रकरण गंभीर होतं. सगळ्या शाळांना एकच छापील पेपर, सीलबंद पाकिटात, आणि निकालावरून शाळेला अ ते ड श्रेणी मिळणार. ज्याची शाळा 'ड' मध्ये जाईल त्या हेडमास्तरांची बदली, असं मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं. गुरुजींना ते गाव सोडायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. त्यांना दुसरं घरच नव्हतं. मी पोरांकडून पाढे घोटून घेतले, गुरुजींनाही वेळेवर जागं ठेवलं.

पेपर बरा होता. फक्त मराठीत एक प्रश्न होता, 'मोह पडल्यास काय करावे?' खाली चार पर्याय: मन आवरावे, लगेच उचलून घ्यावे, रडत बसावे, कोणाला सांगू नये. मी शहरातली, मला उत्तर ठाऊक होतं. पण देखरेखीवर तोंड उघडायचं नाही असा नियम, म्हणून मी तोंड मिटून पाहत राहिले. आमच्या भागात मार्च उतरला की पहाटे झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडतो आणि घरदार टोपली घेऊन वेचायला जातं; ती फुलं विकूनच कित्येकांची उन्हाळाभर चूल पेटते. पोरांनी जराही डोकं न खाजवता 'लगेच उचलून घ्यावे' वर खूण केली. एकाच बेरक्या पोराने 'कोणाला सांगू नये' निवडलं. आतल्या नाल्याकडे त्यांचं एक लपलेलं झाड होतं.

पंधरवड्यात विस्तार अधिकारी जीपने आले. सगळ्यांचं उत्तर चुकलं असतं तर चाललं असतं, पण एक पोरगा सोडून सगळ्यांचं सारखंच चुकलं, म्हणजे कोणीतरी सांगितलं, असा त्यांचा संशय. कॉपी सिद्ध झाली तर गुरुजींची नोकरीच गोत्यात. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सुमनला जवळ घेतलं. "सांग बाई, मोह पडला तर काय करायचं?"

"टोपलं घेऊन जाचं," सुमन म्हणाली. "उशीर केला त गाई खाऊन टाकते."

साहेबांनी मोह म्हणजे लोभ, तो आवरायचा असतो, हे समजावून सांगितलं. सुमनने सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "सारेच आवरून बसले त उचलन कोण?"

साहेबांना हसू आवरेना. ते गुरुजींकडे वळले. "गुरुजी, तुम्हाला तरी उत्तर माहीत होतं ना?"

मी डोळ्यांनी किती खुणा केल्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. "उचलूनच घ्यावा, साहेब," ते म्हणाले. "ऊन चढलं की फुलाचा रस जातो." खोटं बोलत नव्हते ते. खामगावला शिकलेला तो दुसरा अर्थ इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातून निघून गेला होता.

साहेबांनी प्रामाणिकपणे अहवाल लिहिला: कॉपी झालेली नाही, कारण मुख्याध्यापकांनाही उत्तर येत नाही. नोकरी वाचली. पण त्या एका प्रश्नापायी शाळा 'ड' मध्ये गेली आणि एप्रिलमध्येच आदेश आला. वीजकेंद्राच्या ऊर्जानगरकडची मोठी शाळा, डोक्यावर दुसरा हेडमास्तर.

गुरुजी सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा स्टँडवर मी एकटीच होते. मोह जोरात पडत होता, गावात चिटपाखरू नव्हतं. मला गावाचा संताप आला. गुरुजी मात्र निवांत होते. "बरं झालं बाई, माझ्यापायी कोणाचा दिवस बुडाला नाही," एवढंच म्हणाले आणि गाडीत चढले. मला रडू आलं, ते मी गाडी गेल्यावर रडले.

पोरं दुपारी शाळेत आली, हातापायांना मोहाचा वास घेऊन. सुमनने विचारलं, "गुरुजी कुठी गेले, बाई?"

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "बाहेरगावी. मोह संपला की येतीन."

पोरं समाधानाने खाली बसली. सुमन उभीच होती. मोह संपला की तिच्या घरी काय उरतं ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं.

"मंग या वर्सी लवकर संपू दे मोह," ती म्हणाली, आणि पाटी काढून बसली.