थांबाकाकांचं पाकट

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात काहीही घ्यायला गेलं की काकांचा पहिला शब्द यायचा, "थांबा." बाहेर आमच्या शहरातल्या द्वारका चौकात ट्रक, रिक्षा, एसट्या एकमेकांच्या नावानं हॉर्न बडवत असायच्या आणि आत हा माणूस हातातली जाळी खाली ठेवून गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायचा. टाकी केवढी आहे? पाणी भरून किती दिवस झाले? दिवसभर घरात कोण असतं? उत्तरं पटली नाहीत तर मासा मिळायचा नाही. एकदा माझ्यादेखत त्यांनी एका बाईला दोन गोल्डफिश नाकारले. "मग दुकान कशाला उघडलंय?" असं म्हणत ती तणतणत निघून गेली. काका म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण आम्ही सगळे त्यांना थांबाकाकाच म्हणायचो.

मी काही मासेवेडी नाही, हे आधीच सांगून टाकते. हौस आमच्या यांची. यांनी हॉलमध्ये सहा फुटी टाकी बसवली, काकांकडे नदीतलं पाकट सांगून ठेवलं आणि पाकट यायच्या आत यांची बदली नागपूरला झाली. बाजारात समुद्राचं पाकट येतं ना, चपटं, लांब शेपटीचं, त्याचंच हे गोड्या पाण्यातलं भावंड. कुठल्या तरी परक्या देशातल्या नदीत पकडलेलं. मी कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर फॉर्म तपासणार, घरी येऊन स्वयंपाक करणार आणि वर या पाहुण्याची सरबराई! फोनवर यांच्याशी कडाडून भांडले. काही उपयोग झाला नाही.

काका स्वतः पिशवी घेऊन आले. पिशवी फाटू नये म्हणून शेपटीवरच्या काट्याला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा चढवलेला होता, तो त्यांनी हलक्या हातानं काढला. टाकीचा दिवा बंद करायला लावला, काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली. मी वाकून बघायला गेले तर म्हणाले, "ताई, त्याला आत्ता तुमचं कौतुक नकोय. उजेड नको, आवाज नको. नदीतनं उचललंय, पिशव्यांतनं हिंडवलंय. त्याला जरा एकटं राहू द्या." मग टॉर्चवर हात धरून, बोटांच्या फटीतून उजेड पाडत त्यांनी मला दाखवलं. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाडं वर आली होती. "उपाशी आहे. ही हाडं मांसात बुजली की जगलं म्हणायचं. तोवर काही खरं नाही."

पाकट काळपट, गोल, अंगावर फिके डाग. मी त्याला भाकरी म्हणायला लागले. काकांना ते आवडलं नसावं, ते आपलं पाकटच म्हणायचे.

भाकरी काही खाईना. काका रोज दुपारी दुकान बंद करून यायचे, शेजारणीकडून किल्ली घ्यायचे आणि टाकीसमोर पाटावर बसायचे. मी आले की उठायचे. खायला गांडुळं. तीसुद्धा कुठलीही चालत नसत. शहराबाहेर मखमलाबादला त्यांचा जुना दोस्त होता, केरूभाऊ. कोथिंबीर, मेथी आणि झेंडू करणारा. त्यानं काकांसाठी शेणखताचा एक वाफा राखून ठेवला होता, त्यावर औषधाचा थेंबही पडू द्यायचा नाही. "द्राक्षाच्या मळ्यातलं गांडूळ फुकट दिलं तरी घेऊ नका," काका सांगायचे, "तिथं मोरचूद, ते निळं औषध, मारलेलं असतं. या जातीला मोरचूद म्हणजे मरण."

सहाव्या दिवशी मला ऑफिसला सुट्टी होती. काकांनी एक गांडूळ सोडलं. भाकरी सरकत आली, त्याच्यावर बसली, कडा जराशा हलल्या आणि उठली तेव्हा खाली गांडूळ नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "आत्तापर्यंत पाच आणली मी," ते म्हणाले. "एकाचीही हाडं बुजलेली बघितली नाहीत. दमलो ताई आता. हे शेवटचं. एकदाच बघायचंय मला, बस." त्या दिवसापासून ती टाकी माझी झाली, यांची राहिली नाही.

महिन्याभरात हाडं निम्मी बुजली. रोज थोडं पाणी बदलायचं आणि नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, म्हणजे नळाचं औषध उडून जातं, हा काकांचा नियम. माझा प्लास्टिकचा ड्रम तडकला. मी विचार केला, सासूबाईंचे दोन हंडे माळ्यावर पडलेत, मोठे, तांब्याचे. आपण घरी तांब्याचंच पाणी पितो, पोटाला चांगलं म्हणून. मग या लेकराला प्लास्टिकमधलं कशाला? चिंच लावून हंडे लखलखीत घासले आणि भरले. काकांनी एकदा विचारलं, "पाणी कशात भरता?" मी म्हणाले, "हंड्यात." ते म्हणाले, "छान."

दोन आठवड्यांत भाकरीनं खाणं सोडलं. मग तिच्या कडा वर वळायला लागल्या, तव्यावर करपायला लागल्यासारख्या. काकांनी बाटल्यांत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून तपासलं, पुन्हा तपासलं. "पाणी ठीक आहे हो. काहीच सापडत नाही." मी जास्त पाणी बदलायला लागले. हंड्यांतलंच. ती एका रविवारी सकाळी गेली. काकांनी तिला दोन्ही हातांवर उचलून घेतलं. हाडं अजून थोडीशी दिसत होती.

"पाण्यात काही नाही, म्हणजे खाण्यातनंच गेलंय," एवढं बोलून ते तडक मखमलाबादला गेले. तिथं काय झालं ते दुकानाशेजारच्या चहावाल्यानं मला सांगितलं. काकांनी चार माणसांसमोर केरूभाऊला म्हटलं, तू वाफ्यावर औषध मारलंस, वर माझ्याशी खोटं बोललास. केरूभाऊनं मुलाबाळांची शपथ घेतली. काका म्हणाले, तुझं तोंड बघणार नाही. शाळेपासूनची मैत्री होती म्हणे.

दिवाळीत हे घरी आले. हंडे बघितले आणि विचारलं, "यातलं पाणी घालत होतीस?" मी हो म्हटल्यावर यांनी हंड्यावर बोट आपटलं. "अगं, मोरचूद म्हणजे तरी काय? तांबंच ना! काकांच्या थेंबांत ते कळत नाही."

हे मला तेव्हाच जाऊन काकांना सांगता आलं असतं. द्वारका घरापासून वीस मिनिटांवर. पण आज ऑडिट, उद्या पाहुणे, परवा डोकं दुखतंय. खरं सांगायचं तर लाज वाटत होती आणि भीती वाटत होती. आणि एवढंसं सांगायचंही त्राण नव्हतं. मासा मेला तो मेला, असं मी स्वतःला समजावत राहिले. गेले ते थेट फेब्रुवारीत.

काका खाद्याच्या डब्या मांडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही हंडा म्हणालात. कसला हंडा, ते मी विचारलं नाही. इतके प्रश्न विचारतो मी लोकांना." हातातली डबी फळीवर ठेवत म्हणाले, "केरू संक्रांतीला गेला. मी मातीला गेलो नाही."

भर दुपारी त्यांनी शटर ओढलं आणि मला म्हणाले, "मला तिकडं सोडता?" मी स्कूटरवरून त्यांना मखमलाबादला नेलं. केरूभाऊची बायको ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "वहिनी, केरूची काही चूक नव्हती. माझीच चौकशी कमी पडली." तिनं जुडी खाली ठेवली. "ते तर म्हनायचे, आपल्याच वाफ्यात कायतरी आलं आसंल. शेजारच्या मळ्यातून उडालं आसंल वाऱ्यानं. लय वाईट वाटून घेतलं होतं, भाऊ. शेवटपर्यंत वाफा मोडू दिला नाय."

एका माशाच्या मरणाचा दोष दोन म्हातारे आपापल्या घरी आपापल्या अंगावर घेऊन बसले होते आणि जिचा तो होता ती हेल्मेट हातात धरून फाटकात उभी होती. मला वाटलं, आता गप्प राहिले तर माझ्यासारखी नीच मीच. पुढं गेले आणि सांगितलं, हंडे माझे होते, पाणी मी घातलं, आणि हे मला दिवाळीपासून माहीत होतं. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. "दिवाळीत तर चांगले हिंडत-फिरत होते की ओ," एवढंच म्हणाली आणि पुन्हा मेथी बांधायला लागली.

परत आल्यावर काका द्वारकेला उतरले, शटरचं कुलूप काढलं आणि वळून म्हणाले, "ताई, पुन्हा पाळायचं असेल तर जरूर पाळा. मी मात्र बघायला येणार नाही." रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते. ते नुसते दमलेले होते. पुढं वर्षभरानं दुकान बंद करून ते लेकीकडे घोटीला गेले, आणि निघताना मला कळवलं नाही.