पाहुण्यांपुरती बारावी पास

महाडच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या वर्गात मुलांचा एक बाक होता. एकच. बाकी सगळा वर्ग आम्हा मुलींचा. त्या बाकावरचे जावई एमआयडीसीत रात्रपाळी करून यायचे आणि केमिस्ट्रीच्या तासाला घोरायचे. उरलेले मुलगे बारावी होताच कंत्राटावर लागले, नाहीतर मुंबईला गेले. मुली मात्र शिकत होत्या. केवढी ही प्रगती! खरं कारण पोलादपूरहून एसटीने येणारी कुठलीही मुलगी सांगेल: स्थळ येईपर्यंत घरी बसवण्यापेक्षा कॉलेजात बसवलेली बरी.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि माझं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, तोही पर्मनंट. आमच्याकडे पर्मनंट म्हणजे साक्षात देव. जमलं तर लगेच बार उडवायचा होता. परीक्षा गेली खड्ड्यात.

स्थळ आत्याने आणलेलं. ती बाबांना म्हणाली, "शिक्षन बारावीच सांग रे. बीएस्सी आयकलं की पोरं बिचकतात." बाबांनी मान डोलावली. झालं! माझी सगळी प्रॅक्टिकलं एका मानेत वाहून गेली.

पाहुणे आले. आत्याने माझी बारावी सांगितली. मुलाचे काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमचा मुलगा बीएस्सी." मी पोहे देताना वर बघितलं आणि बशी पडता पडता वाचली. हा तर पहिल्या वर्षी आमच्याच वर्गात, त्याच बाकावर होता! दिवाळीला जो कंपनीत गेला तो परत फिरकलाच नाही. त्यानेही मला ओळखलं. शेंगदाणा घशात अडकला बिचाऱ्याच्या.

मोठ्यांनी आम्हाला बोलायला पडवीत पाठवलं.

"तू पण सोडलंस?" त्याने हळूच विचारलं.

"छे! शेवटचं वर्ष आहे."

"मग बारावी कशी?"

"मग तुझी बीएस्सी कशी?"

तो हसला. मग म्हणाला, "मला शिकायचं होतं गं. पप्पा बोलले, डिग्री घेऊन पण कंपनीतच जाणार ना?" त्याला चांगलं झापायचं मी ठरवलं होतं, पण वाईटच वाटलं. एकमेकांची शेंडी एकमेकांच्या हातात. आत जाऊन दोघांनीही काही फोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या काकांचा बाबांना फोन आला. मुलगी छान आहे, पण कमी शिकलेली. आमचा मुलगा ग्रॅज्युएट, त्याला शोभायला नको?

बाबा अंगणात उभे होते. तिथूनच कडाडले, "कमी शिकलेली? माझी पोरगी? बीएस्सीला हाय ती! वर्गात पयली येते!"

आत्या "अरे हळू, हळू" करत धावली. अख्ख्या वाडीने ऐकलं होतं. मी दारात थिजले. माझा विषय कोणता, हेही बाबांनी कधी विचारलं नव्हतं. पहिली येते हे त्यांना ठाऊक होतं? मला भयंकर राग आला, आणि इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

बाबांनी फोन खिशात टाकला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "पेपर कधी हायत गो तुझे?"