नेवाशाचं सॅम्पल

नगरमध्ये सावेडीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिव्यांगांना दवाखान्यात काय अडचणी येतात, यावर पीएचडी करणारी एक मुलगी गेलं वर्षभर दर सोमवारी प्रश्नावलीच्या प्रती काढायला येते. मी एकदा 'अपंग' म्हणालो, तर तिने हळूच दुरुस्त केलं, "दिव्यांग व्यक्ती, काका." मी मान डोलावली.

परवा ती काउंटरला टेकून म्हणाली, "म्हणजे कसंय ना काका, नेवाशात दिवसभर फिरले, पण मनमोकळं बोलणारं माणूसच मिळत नाही." तेवढ्यात मशीनमधला कागद संपला. मी कुबड्या घेऊन उठलो. तिने मला उभं कधी पाहिलंच नव्हतं.

तिचा चेहरा उजळला, हात पिशवीतल्या फॉर्मकडे गेला आणि तिथेच थांबला. "म्हणजे कसंय ना काका, माझं सॅम्पल फक्त नेवासा तालुक्याचं आहे." ती मनापासून हळहळली.

ती गेल्यावर मशीनवरच राहिलेल्या प्रश्नावलीची मी स्वतःसाठी एक प्रत काढली आणि प्रामाणिकपणे भरली. शेवटचा प्रश्न होता, 'तुमचा अनुभव आजवर कोणी विचारला आहे का?'

मी लिहिलं, 'विचारणार होते, पण मी नगरचा निघालो.'