हलू नका, लेन्स पडलीय!

आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचं सगळं ज्ञान समोरच्या वहिनींकडे होतं. टँकर आला की हंडे घेऊन धावणाऱ्या प्रत्येकीला त्या जिन्यातच पकडायच्या. "उकळल्याशिवाय घोटभरही प्यायचं नाही हं! कुठल्या विहिरीतलं भरून आणतात, देव जाणे."

नव्वद सालच्या आसपास त्यांनी चष्मा सोडून लेन्स लावायला सुरुवात केली. तेव्हापासून अधूनमधून अख्खा जिना थांबायचा. "हलू नका कोणी! लेन्स पडलीय!" मग हातात भाजीची पिशवी असो नाहीतर खांद्यावर गॅसचा सिलेंडर, सगळ्यांचे पुतळे. लेन्स सापडली की वहिनी ती दाराबाहेरच्या, टँकरच्या पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुचकळायच्या आणि तिथल्या तिथे, आरशाशिवाय, डोळ्यात घालायच्या. मला त्याचं केवढं कौतुक!

मग एकदा त्यांचा डोळा लालभडक झाला, उजेडही सोसेना. डॉक्टरकडचा किस्सा त्यांनीच आम्हाला रंगवून सांगितला. डॉक्टर म्हणाले, "बुबुळावर जखम झालीय. लेन्सवरून पाण्यातले जंतू आत गेलेत. तुम्ही पाणी उकळत नाही का?"

"अहो, मी सगळ्या बिल्डिंगला उकळायला लावलं! पण ते प्यायचं. हे कुठे प्यायचं होतं?"

आम्ही पोट धरून हसलो, त्याही हसल्या.

जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला. आता वहिनी जाड चष्मा लावून, कठडा चाचपत जिना उतरतात. हलू नका, असं कुणी सांगत नाही. आम्ही आपणहून थांबतो.