मोफत जेवणाची वेळ

माझ्या बहिणीची मुलगी विद्यापीठात शिकायची आणि प्राध्यापकांच्या भोजनगृहात दुपारी माझ्याच हाताखाली वाढायला असायची. ताटं घेऊन अशी धावायची की सगळे तिला सुसाट म्हणतात. या दुपारच्या पगारावर तिची भाड्याची खोली चालायची. खोली गेली की शिक्षण गेलंच समजा. घर पार लांब, आणि भावोजींचं ‘पोरीला एवढं शिकवून करायचंय काय’ हे पालुपद आहेच.

विद्यापीठाला मध्येच गरिबांची कणव आली. गरजू मुलांसाठी मोफत जेवण सुरू केलं. वेळ कोणती, तर बारा ते दोन! अहो, गरजू मुलं त्या वेळेला काय हवा खात फिरतात? कुणी दुकानात, कुणी पेट्रोल पंपावर, आमची ही वाढायला. तिथे यायचे ते भरल्या पोटाचे, तेही नाकं मुरडत. सुसाट आपली चहा-बिस्किटावर. मी पातेल्यातलं काही काढून दिलं की कंत्राटदार डोळे वटारायचा.

वर्षभरात कल्याण अधिकारी बाईंनी जाहीर केलं, गरजू मुलं येतच नाहीत, बंद करा. त्यावर समिती बसली, आमच्याच भोजनगृहात, जेवता जेवता. भुकेवर बोलायचं तर पोट भरलेलं बरं, नाही का?

अध्यक्ष म्हणाले, ही मुलं लाजतात हो. सुसाट त्यांनाच वाढत होती, ती थांबली.

“लाजत नाही, सर,” ती म्हणाली. “त्या वेळेला मी इथे तुम्हाला वाढत असते. ते जेवण संध्याकाळी ठेवा.”

अध्यक्षांचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, मी खोटं कशाला बोलू? तिथल्या तिथे ठरलं, विद्यार्थिनीला जेवणाच्या वेळी राबवणं अमानुष आहे. कंत्राटदाराची खरडपट्टी निघाली आणि सुसाटला कामातून मोकळं केलं. जेवणाची वेळ तीच राहिली. संध्याकाळी म्हणे शिपाई मिळत नाही.

तेव्हापासून ती रोज जेवते. बाईंनी शेजारी बसून फोटोही काढला. पगार मात्र गेला तो गेलाच. माझं डोकं फिरतं, पण राग काढू कुणावर? सगळेच चांगले वागले.

माझ्या एका खोलीत आम्ही पाचजण, तिला कुठे ठेवू? आज ती मालकिणीला किल्ली देऊन, बॅग घेऊन माझ्यापाशी आली. बस अडीचची होती.

“जेवूनच जाते, मावशी,” म्हणाली. “वेळ आहे.”