बूट कुठे चावतो

माझ्या मुलीचे पाय दोन मापांचे आहेत. उजवा मोठा, डावा त्याहून चांगला दोन नंबर लहान. जन्मली तेव्हा डावं पाऊल आत वळलेलं होतं. प्लास्टरं झाली, एक ऑपरेशन झालं, पाऊल सरळ झालं. पण ते लहानच राहिलं आणि पोटरीही बारीक राहिली. चालताना कुणाच्या लक्षात येत नाही. बुटांच्या दुकानात मात्र लगेच येतं.

तिचे बूट हे खातं माझ्या नवऱ्याकडे होतं. तो उजव्या पायाच्या मापाचा जोड आणायचा आणि डाव्या बुटात बसवायला जेवणाच्या टेबलावर फोम कापत बसायचा. टेबलावर बूट ठेवू नकोस म्हणून मी ओरडायचे, तो खाली पेपर घालायचा आणि पुन्हा कापायचा. मुलगी बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारायची. "कुठे चावतोय?" तो विचारायचा. ती सांगायची. मग परत कात्री.

मला हे लाड वाटायचे. मी खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये वाढलो. माझ्या आजोबांना गावात वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. त्यामुळे वडिलांनी ठरवलेलं, आपल्या घरात कुणीही अनवाणी फिरायचं नाही, आणि पायात चप्पल नाही, बूट हवा. पण एका पगारात चार पोरं, म्हणून बूट कायम एक नंबर मोठा. वाढतं अंग आहे, म्हणायचे. पुढच्या टोकाला कापूस कोंबायचा आणि पाय वाढेल तसा काढत जायचा. मी नोकरीला लागले तरी दुकानात गेल्यावर तोंडातून आपोआप निघायचं, "एक नंबर मोठा दाखवा." नवरा म्हणायचा, "तुमच्याकडे आधी बूट मोठे होतात, मग माणसं."

तो गेला तेव्हा मुलगी दहावीत होती. अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलेला माणूस, खराडीतल्या आपल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकला आणि खाली बसला. एवढंच झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, अकोल्याची माणसं परत गेली आणि मी सोमवारी ऑफिसला गेले. माझंही ऑफिस खराडीतच, त्याच्या ऑफिसवरून बस जाते. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे बाई. खंबीर कसली डोंबलाची. मला काही होतच नव्हतं. दात काढण्याआधी सुई देतात, मग गाल बोटांना लागतो पण गालाला बोट कळत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मीटिंगा केल्या, बग सोडवले, तांदूळ कमी घ्यायला शिकले.

मुलीचंही तेच. "कशी आहेस?" "ठीक आहे." "अभ्यास?" "ठीक आहे." तीही मला विचारायची आणि मीही तेच म्हणायचे. भांडण नाही, रडणं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमची मुलगी फार समजूतदार आहे हो. मलाही तसंच वाटायचं.

अकरावीत ती कॉलेजच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये गेली. दिवाळीनंतर एक दिवस वरण वाढून घेता घेता म्हणाली, "काश्मीरला स्कीइंगचा कोर्स आहे. पप्पा म्हणाले होते, दहावी झाली की जाऊ."

तो म्हणाला होता हे मला माहीत नव्हतं. "जा," म्हणाले. तो गेल्यानंतर ती पहिल्यांदा काहीतरी मागत होती आणि तिने जावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं असं म्हणता येणार नाही, पण त्या दिवसांत मला जे काही वाटत होतं त्यात ते सगळ्यात जास्त होतं.

अडचण बुटांची. कोर्सवाले बूट देतात, पण जोडी एकाच मापाची. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितलं की पाय असा असेल तर स्वतःचे बूट आणा, नीट बसवून आणा, नाहीतर आम्ही बर्फावर उतरवणार नाही. आमच्या सोसायटीत परदेशात ऑनसाइट राहून परत आलेली माणसं ढीगभर आहेत. त्यातल्या एकाने स्विस प्रोजेक्टच्या काळात घेतलेले स्कीचे बूट, पोटरीपर्यंत कडक प्लास्टिकचे, कपाटावर पडले होते. मी ते घेतले. थंडी असणार, आत लोकरीचे दोन-दोन मोजे येणार, वाढतं अंग, म्हणून चांगले मोठे होते तेच बरं वाटलं. मुलीने ते घातले, हॉलमध्ये चालून दाखवलं आणि म्हणाली, "ठीक आहे." खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "घोडा पाळलाय का? नाही, पाळा. फक्त नाल तेवढे काढून ठेवा."

डाव्या बुटात मी फोम बसवून बघितला. नवरा करायचा तसा. पण फोम पोटरीपाशी गोळा व्हायचा. मग मी माणूस शोधायला लागले. बुधवार पेठेत ट्रेकिंगचं सामान मिळतं तिथे गेले. दुकानदाराने बूट उलटासुलटा करून बघितला. "बाई, पुण्यात बर्फ फक्त रसवंतीत मिळतो," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अपंगांसाठी बूट बनवणाऱ्या एकाकडे गेले. तो भला होता, पण म्हणाला, मी चालायचे बूट करतो, घसरायचे नाही. शेवटी ऑफिसातल्या एका मुलाने एक नंबर दिला. एक बाई आहे, म्हणाला. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं कॅनडात होती, तिथे स्कीच्या दुकानात बूट बसवायचं रीतसर शिकली, दुकानही सांभाळलं. आता इथेच खराडीत असते. गिर्यारोहणवाली पोरं आणि फौजी तिच्याकडेच जातात.

फोन केला. "पाय दोन मापांचे? बरं. रविवारी अकराला या. नखं कापून या. दुपारी एक ते चार मी कुणाची नाही," म्हणाली आणि फोन ठेवला. कॅनडाने तिचं काही बिघडवलं नव्हतं.

तिने एका बंद केलेल्या गॅलरीत कामाची जागा केली होती. भिंतीभर बुटांचे जोड, गरम हवेचं यंत्र, लोखंडी शिकंजा. तिने आमचा बूट घेतला, आतलं मऊ अस्तर उपसून बाहेर काढलं आणि मुलीला नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवून उभी राहा म्हणाली. मग टाचेमागे हात घातला. पूर्ण हात गेला.

"इथे कुटुंब राहील," ती म्हणाली. "कुणी घेतले?"

"मी."

"वाढत्या अंगाचे?"

"हो."

"अहो, ही डोंगरावरून खाली येणार आहे. शाळेत नाही चाललेली. बूट मोठा म्हणून पाय आत सरकतो, सरकतो म्हणून बकल करकचून आवळायचं, आवळलं की रक्त थांबतं. आणि वर दोन मोजे. पाय गारठतो तो थंडीने नाही, या असल्या शहाणपणाने."

वडिलांचा राग आला का, स्वतःचा आला का, मला सांगता येणार नाही. बहुतेक कुणाचाच आला नाही. मी मान हलवली.

तिने भिंतीवरून एकाच बनावटीचे दोन जोड काढले आणि प्रत्येकातला एकेक बूट दिला, डावा लहान, उजवा मोठा. एकच पातळ मोजा. बकलं लावली, डाव्या पोटरीला आतून पट्टी दिली आणि मुलीला खुर्चीत बसवलं. "आता बसायचं. मधून मधून उभं राहून पुढे वाकायचं. आणि चावेल तिथे बोलायचं. बारीकसारीक सगळं. तुझा पाय मला बाहेरून दिसतो, आतून दिसत नाही. तू सांगशील तिथे मी प्लास्टिक तापवून फुगवणार. नाही सांगितलंस तर माझे हात बांधलेले आहेत."

मुलगी बसली. बाई मधून मधून विचारत होती. "ठीक आहे," मुलगी म्हणत होती. उभी राहा, वाक. "ठीक आहे." डावीकडे? "ठीक आहे." मी फोनवर ऑफिसच्या मेल बघत होते.

बऱ्याच वेळाने बाईने डावा बूट काढला, मोजा उतरवला. ऑपरेशनच्या व्रणाच्या कडेला कातडी लालभडक झाली होती आणि मध्ये पांढरा चट्टा पडला होता. तिने अंगठा टेकवला तशी मुलीने खुर्चीची दांडी धरली.

"हे ठीक आहे?" बाई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"तिला सहन करायची सवय आहे," मी म्हणाले. खरंच, कौतुकाने म्हणाले.

"मग मी हे बूट देणार नाही." तिने मोजा घडी करून ठेवला. "तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायचा असेल तर तो पुण्यात सोसा. तिथे वर ही दिवसभर ठीक आहे ठीक आहे करेल आणि संध्याकाळी बोटं काळी पडलेली निघतील. जी मुलगी सांगत नाही तिचे बूट मी करत नाही. चहा टाकते. तोवर ठरवा, जायचंय की नाही."

ती आत गेली. मुलगी आपल्या पायाकडे बघत बसली होती. हा कोर्स हातचा गेला तर ती पुन्हा काही मागणार नाही, हे मला तेव्हा अगदी लख्ख कळलं.

"दुखत होतं तर सांगायचं ना गं," मी म्हणाले.

"कुणाला?"

"त्यांना. मला."

"तुला सांगून काय?" ती रागावली नव्हती. नुसतं सांगत होती. "दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गेले. तू म्हणालीस, बरं. मग थँक्यू म्हणालीस. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, आपल्याकडे असंच करायचं असतं."

मला ते आठवतही नव्हतं. अजूनही आठवत नाही. डॉक्टरांचा चेहरा आठवतो, त्यांच्या खिशाला लागलेला शाईचा डाग आठवतो. थँक्यू आठवत नाही. पण ती खोटं कशाला बोलेल. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी खाली बसले आणि तिचं डावं पाऊल मांडीवर घेतलं. ते गार होतं. चोळत बसले. तिने काढून घेतलं नाही.

बाई चहा घेऊन आली. आमच्याकडे बघितलं, मग कप खाली ठेवले.

"घालू परत?" मुलीने विचारलं.

"बोलणार असशील तर घाल."

बूट परत चढला. मग मुलगी म्हणाली, "इथे. बाहेरच्या बाजूला." बाईने खूण केली. "घोट्याच्या वरही." खूण. "करंगळी दाबतेय. टाच उचलली जातेय. आणि इथे, इथे तर खूप." एकदा सुरू झाली ती थांबेना. बाई काढायची, तापवायची, शिकंज्यात धरायची, गार करायची, परत घालायची. एक वाजून गेला. बाईने आम्हाला हाकललं नाही. चहावर साय धरली होती, तो मी तसाच प्याले. शेवटी मुलगी उभी राहिली, वाकली, पुन्हा वाकली. "आता नाही," म्हणाली. बाईने ते खरं मानलं.

मुलगी काश्मीरला गेली. मला वाटलं होतं ती गेल्यावर घर खायला उठेल. उठलं नाही. मी ऑफिसला जात होते, एकटीचा भात लावत होते. तिकडून मेसेज यायचे: पोचलो, जेवलो, बर्फ आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी कँटीनमध्ये रांगेत होते. तिचा फोन आला. मागे वारा होता, पोरांचा गलका होता.

"आई, आज बूट चावला. सरांना सांगितलं, त्यांनी बकल बदलून दिलं. आणि खूप थंडी आहे. आणि मी तीनदा पडले." मग वाऱ्याचाच आवाज आला. मला वाटलं, फोन कट झाला. "आणि पप्पांची खूप आठवण येतेय."

माझ्या हातात रिकामं ताट होतं. माझ्या मागच्याने विचारलं, मॅडम, रांग पुढे घ्याल का?

"मलाही येते," मी म्हणाले. "रोज येते. बसमधून त्याचं ऑफिस दिसतं ना, तिथे मी दुसरीकडे बघते. मला ती बसच नको वाटते गं. मला तो हवाय." आवाज माझाच होता. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी ताट धरून भर कँटीनमध्ये रडत होते आणि ते माझ्या गालांना कळत होतं.

पलीकडे तीही रडत होती.

"मग सांगत का नाहीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, फक्त मलाच येते."