बाकीचं वाक्य

धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात काल एक म्हातारी बाई नवऱ्याला घेऊन आली. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, आणि गेलेली वाचा परत आणणं हेच माझं काम. बाईंच्या कडक सुती लुगड्याला पेजेच्या खळीचा वास येत होता. त्या वासासरशी मी उमरेडच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन उभी राहिले.

त्या सकाळी आईसोबत सुताला खळ लावून मी तशीच शाळेत पळाले होते. हातांना तोच आंबूस वास होता. इंग्रजीच्या सरांनी विचारलं, "हू हॅज ब्रॉट द बुक?" मी उठून म्हटलं, "आय हॅव."

"आय हॅव काय? बाकीचं वाक्य कोण बोलन, तुहा बाप? तुमच्या मागावर लुगडंबी अर्धंच विणता काय वं?"

वर्ग खदखदून हसला. तास संपेपर्यंत मी बाकावर उभी होते. न बोलता समजणारे शब्द इंग्रजीत गाळतात, माझं उत्तर बरोबरच होतं, हे मला कॉलेजात कळलं. तेव्हापासून ते हसणं जास्तच झोंबतं.

समोर बसलेले म्हातारे तेच सर होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पाण्याचा पेला उचलून मी विचारलं, "हू वॉन्ट्स वॉटर?"

वाकडे ओठ बराच वेळ धडपडले. "आय... डू."

महिन्याभरातले त्यांचे ते पहिले शब्द. बाईंना रडू आलं.

मी पेला हातातच धरून ठेवला.

"आय डू काय, सर? बाकीचं वाक्य कोण बोलन?"